पत्र्याचा काय दोष

कलेसाठी काहीतरी मोडावं लागतं, असं दिग्दर्शकाचं ठाम मत होतं. एरवी तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायचा. तिथे काही मोडू नये म्हणून त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक होता.

आज मात्र मोडायला एक अख्खी गाडी मिळाली होती. भंगारवाल्याने ती सकाळी ओढत आणून गॅरेजच्या अंगणात सोडली आणि बजावलं, "बाराला न्यायला येतो. तोवर काय ते वाटोळं करून घ्या."

सिनेमा उपनगरातल्या एका तरुणाचा होता. त्याची कारखान्यातली नोकरी जाते, मग प्रेयसी जाते, उरते ती गाडी. आणि शेवटी तीही तो स्वतःच्या हाताने फोडतो. नोकरी आणि प्रेयसी घालवून झाली होती. फोडणं तेवढं राहिलं होतं. ते आज झालं नाही तर सिनेमाला शेवट नव्हता, आणि चार महिन्यांचे रविवार पाण्यात.

हिरो याच गॅरेजात डेंटर होता. गाड्यांचे पोचे काढण्यात आसपासच्या चार वस्त्यांत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, एक बाप सोडला तर. बाप रंगाच्या उपड्या डब्यावर चहा घेऊन बसला होता.

दिग्दर्शकाची बहीण मोबाईल छातीशी धरून चाकांच्या फळीवर आडवी झाली. एरवी त्या फळीवरून मेकॅनिक गाडीखाली सरकायचे. आज ती कॅमेऱ्याची ट्रॉली होती.

"दादा, दोरी हळू ओढ. मागच्या वेळी डोकं आपटलं होतं."

"अ‍ॅक्शन!"

हिरोने हातोडी उगारली. डोळ्यांत अंगार होता. नट तो खरंच बरा होता. हातोडी मडगार्डवर पडली. टक. टक टक. टक. डावा हात कुणी न सांगता मडगार्डच्या आत गेला आणि पत्र्याला मागून आधार देऊन बसला. तिथला जुना पोचा, ताटलीएवढा, बघता बघता बशीएवढा झाला.

"कट! अरे, राग कुठाय?"

"आहे की."

"मग जोरात मार ना! मधोमध!"

"मधोमध मारलं तर पत्रा ताणला जातो."

"ताणला जाऊ दे! तुझं आयुष्य उद्ध्वस्त झालंय!"

"आयुष्य झालंय रे," हिरो म्हणाला. "पत्र्याचा काय दोष?"

दिग्दर्शकाने त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, राग क्लचसारखा असतो. आधी पूर्ण दाबायचा, मग हळूहळू सोडायचा. तू एकदम न्यूट्रलला जातोयस."

हिरोला ते पटलं. दुसऱ्या खेपेला त्याने डोळे मिटले आणि आजवरचे सगळे अपमान एकेक करून आठवले. डोळे मिटल्यावर हात आणखीच नेमका पडू लागला. बशीची वाटी झाली, वाटीचं नाणं झालं, नाणंही गेलं.

"वरची कड राहिली," बाप डब्यावरून म्हणाला.

"बाबा, मध्ये बोलू नका ना. माझा रडायचा सीन आहे."

"मग रड की. कड घेऊन रड."

हिरोने कड घेतली. रडलाही. बहिणीने दोन्ही टिपलं.

पावणेबारा झाले. मागच्या दाराचा पोचाही एव्हाना निघाला होता; तो तर सीनमध्येच नव्हता. दिग्दर्शकाने हातोडी हिसकावून घेतली आणि स्वतःच डोक्यावर उगारली.

"मास्तर," बाप शांतपणे म्हणाला, "झालेल्या कामावर हातोडी मारायची नसते."

दिग्दर्शकाने मडगार्डवरून हात फिरवला. कुठे काही लागलं नाही. पुन्हा एकदा फिरवला. मग हातोडी खाली ठेवली आणि तिच्याशेजारी स्वतःही बसला.

बाराच्या ठोक्याला भंगारवाला आला. गाडीभोवती त्याने दोन चकरा मारल्या.

"ही कुणाची?"

"तुमचीच."

"माझी चेपलेली होती." त्यानेही मडगार्डवरून हात फिरवला. आयुष्यात त्याने शेकड्यांनी गाड्या मोडल्या होत्या, जेवायच्या आधी एक आणि नंतर एक. "हिला मोडायचं म्हणजे... जिवावर येतं बुवा."

दिग्दर्शक ताडकन उठला. "सापडला! शेवट सापडला! तो फोडतच नाही. दुरुस्त करतो, गाडीत बसतो आणि जातो निघून!"

"कुठे?" फळीवरून बहिणीने विचारलं.

"कुठेही! इथून बाहेर!"

"हे बरंय," बाप म्हणाला. चार महिन्यांत त्याने सिनेमाची केलेली ही पहिली स्तुती. "हातातल्या कामाचं चीज झालं."

भंगारवाल्याने ओढायचा हूक पुन्हा आपल्या गाडीत टाकला. "अर्धा तास घ्या. नाही, तासभर घ्या." मग खिशातला रुमाल काढून त्याने पुढची काच स्वतः पुसली, दोनदा, फुंकर घालून.

हिरो आत बसला. आरसा नीट केला.

"पट्टा," दिग्दर्शक सवयीने म्हणाला. हिरोने पट्टा लावला.

बहीण मोबाईल घेऊन फाटकापाशी उभी राहिली. "सरळ माझ्याकडे ये. पण अंगावर घालू नकोस हं."

बापाने चहाचा कप खाली ठेवला. दिग्दर्शक हळूच "अ‍ॅक्शन" म्हणाला. हिरोने वाऱ्यावर स्वार व्हावं तसं पुढे बघत किल्ली फिरवली. सगळ्यांनी श्वास रोखला होता, भंगारवाल्यानेही.

इंजिन गेल्या गुरुवारी त्यानेच काढून विकलं होतं.