दोन ओळींचा पॅच

मुलांनो, समजा ज्यांना ऐकू येत नाही त्यांना छोटा यंत्रकान मिळतो, आणि त्यातला प्रोग्रॅम सगळ्यांना खुला असतो. घरच्या कुणीही तो वाचावा, सुधारणेचा पॅच, म्हणजे छोटीशी जोडणी, लावावा आणि खाली आपलं नाव लिहावं.

अकरा वर्षांची शलाका रविवारी संगणकाच्या पडद्यावर आपल्या यंत्रकानातल्या जोडण्या आवरत बसली होती. पक्ष्यांचे आवाज मोठे करणारी तिने वर ठेवली, मिक्सरचा आवाज दाबणारी खाली. तळाशी दोन वर्षांपूर्वीचा एक अनोळखी पॅच निघाला. त्यात दोनच ओळी होत्या. काढून टाकायचा शब्द: ‘बहिरी’. त्याजागी बोलणाऱ्याच्याच आवाजात ऐकवायचा शब्द: ‘शलाका’. खाली बाबांचं नाव होतं.

दोन वर्षं तिला वाटत होतं, कॉलनीतली मुलं सुधारली. नावाने हाक आली की ती धावत जायची.

“बाबा, हे तुम्ही केलंत?”

बाबांनी पडद्याकडे पाहिलं आणि हातातली इस्त्री उभी ठेवली. “तू रोज रडत घरी यायचीस गं.”

“आणि मग रोज हसत जायला लागले. त्या मुलांना केवढी मजा आली असेल.”

“शलाका, ऐक तरी.”

आवाज बाबांचाच होता, पण ते खरंच ‘शलाका’ म्हणाले का, याची तिला खात्री वाटेना.

तिने पॅच काढून टाकला. तिच्या कानात बदल करायची मुभा असलेल्यांच्या यादीतून बाबांचं नावही खोडलं. मग ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आता पुन्हा हाक मारा,” ती म्हणाली.