शकूचा परकर

कळसूत्री बाहुलीचे कपडे मेलेल्या बाईच्या लुगड्यातून शिवायचे, ही बलभीमच्या घरची रीत. रझाकारी सरल्यावर पुन्हा खेळ उभा करताना तसलं कापड मिळेना, म्हणून त्याच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, लेकीचा जुना परकर कापला. तेव्हापासून शकू अंथरुणाला खिळली.

आज भूमच्या बाजारात बलभीम बाहुली नाचवत होता आणि पालात निजलेल्या शकूचे हात त्याच तालावर उठत होते. बाहुली जराशी थांबली की पोरीचा श्वासही थांबायचा.

द्वारकाबाई धावत बाहेर आली. "अवं, पाया पडते तुमच्या, थांबू नका. नाचवत ऱ्हावा."

बाजार उठला होता, बघे पांगले होते. बाहुली गरागरा फिरत होती.

बलभीमनं दोन्ही रिकामे हात पुढं केले.

"म्या दोऱ्या कवाच सोडल्या, द्वारके."