पहिल्याच्या खालचा गिअर

कृत्रिम गुडघ्यांचे गिअरबॉक्स आखणाऱ्या मृणाल ओगलेकडे जो तो आणखी वेगवान गिअर मागायला येई. सत्तरीच्या विश्राम तावड्यांना मात्र पहिल्यापेक्षाही हळू गिअर हवा होता.

"मला गुडघे बसवल्यापासून ही मागेच राहते," ते बायकोकडे बघत म्हणाले. "फिरताना बोलायचं कुणाशी?"

"थांबावं की मग माणसानं," शालनबाई म्हणाल्या. "मला नकोत असली यंत्रं."

मृणालने शालनबाईंचा वेग मोजायला त्यांना व्हरांड्यात चालवलं. परक्या बाईसमोर शालनबाई ताठ मानेने झपाझप चालल्या. मृणालने तो आकडा लिहिलाच नाही. दोघं निघाल्यावर ती घड्याळ घेऊन खिडकीशी उभी राहिली. फाटकापर्यंत विश्रामराव तीनदा थांबले. मग वेग आणखी उतरावा म्हणून तिने आराखड्यातल्या मोठ्या चाकाला नऊ दाते वाढवले.