कळलं नाही, पुन्हा लिही

बायको विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवायची. वर्गातल्या प्रत्येकाने दर आठवड्याला ब्लॉग लिहायचा आणि प्रत्येकाच्या ब्लॉगखाली तिने शेरा द्यायचा, हा तिचा नियम. ती गेली, तरी पोरांचे ब्लॉग तिच्या लॅपटॉपवर येतच राहिले. मी प्लंबर. घर खायला उठायचं, म्हणून तिच्या नावाने मीच शेरे द्यायला लागलो.

"मी आहे, हे मला कशावरून कळतं?" यावर एका मुलीने तीन पानं लिहिली. मी खाली लिहिलं, "भूक लागली की कळतं. बाकी सगळं डोक्यावरून गेलं. पुन्हा लिही."

तिने लिहिलं. सगळेच लिहायचे. मेलेल्या बाईचे शेरे येतात कसे, हे एकानेही विचारलं नाही. म्हणे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी!

सत्र संपताना विभागाने लॅपटॉप परत मागितला. द्यायला गेलो, तर ब्लॉगवरच्या फोटोतली तीच मुलगी दारात आडवी आली.

"काका, देऊ नका तो."

"अगं, तुमचे ब्लॉग आता नवीन सर तपासतील ना."

"सरांनी ब्लॉग पहिल्याच दिवशी बंद केले. मार्कही नाहीत त्याला."

"मग एवढे महिने लिहिताय कशाला?"

"मृत्यूवरचं तुम्ही सहा वेळा परत पाठवलंय, काका. ते तुम्हाला कळेपर्यंत सुट्टी नाही."