साबुदाण्याची खिचडी

“खिचडी? साबुदाण्याची?” डॉक्टर हेमांगींचा आवाज चढला.

“वाटीभरच खाल्ली,” सुमेधा खाटेवर उठून बसत म्हणाली. “तुम्ही उपाशी या म्हणालात. उपासाला चालते ना?”

नर्सने कपाळाला हात लावला. उपाशी राहा म्हटलं की आपल्याकडे आधी शेंगदाणे भाजायला घेतात, हे ठाण्यातल्या या हॉस्पिटलला काही नवं नव्हतं. पण सुमेधा डोंबिवलीच्या शाळेत मराठी शिकवायची. तिने तरी असा घोळ घालायला नको होता.

“भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी झाली, तर सगळं फुप्फुसात जातं,” हेमांगी म्हणाल्या. “आज मी हात लावणार नाही.”

दारात उभा असलेला धाकटा भाऊ मुकुल ताडकन आत आला.

“ताई, कॅन्सर आहे तुला! या तारखेसाठी किती जणांच्या पाया पडलोय मी. रजा टाकली, उद्याचं बारसं पुढे ढकललं, रसिका ओली बाळंतीण घरी एकटी आहे. आणि तू खिचडी खाऊन आलीस?”

मुकुलचे डोळे भरून आले. रागापेक्षा त्याला भीतीच जास्त वाटत होती. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं.

गाठ जिभेच्या कडेला होती आणि जबड्याकडे सरकत होती. हेमांगींनी पहिल्याच भेटीत काही न लपवता सांगितलं होतं, अर्धी जीभ काढावी लागेल. जीव वाचेल, पण बोलणं पुन्हा आजच्यासारखं होणार नाही. ते ऐकून सुमेधा रडली नव्हती. ऑपरेशनची तारीख तेवढी तिने विचारून घेतली होती.

“संध्याकाळी नाही का करता येणार, डॉक्टर?” मुकुल काकुळतीला आला.

“आज सगळ्या वेळा भरल्यात. परवा सकाळी पहिलं ऑपरेशन यांचंच,” हेमांगी तुटकपणे म्हणाल्या. “दोन दिवसांनी काही बिघडत नाही. घरी न्या त्यांना.”

मुकुल धुसफुसत रिक्षा बघायला खाली गेला. नर्सही पुढच्या पेशंटकडे वळली. हेमांगींनी दार लोटून घेतलं.

“चहा आणि उपमा मागवलाय, खाऊन घ्या,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “इथे आल्यावर साखर तपासली तुमची. सत्तर आहे, साबुदाणा खाल्ल्यावर इतकी कमी नसते. कालपासून पोटात अन्नाचा कण नाही. बारसं उद्याच करायला मी भावाला सांगते. बाळाच्या कानात नाव अगदी स्पष्ट सांगा, आत्याबाई.”