बुडालेले : शून्य

मंदीत सरकारने बिनकामाची पदं शोधायला घेतली आणि तलावावरच्या जीवरक्षकाची नोंदवही साहेबांसमोर आली. “अकरा वर्षांत बुडालेले शून्य! मग काका, तुम्ही नुसता वारा खात होतात?” “साहेब, कुणाला बुडूच दिलं नाही. चाळीसेक जणांना ओढून काढलं.” “ते कुठे लिहिलंय?” “वहीत रकानाच नाही. ती नोंद वरचा ठेवतो,” म्हातारा हसला. पद गेलं. त्याने तोंडाने फुंकून फुगवलेली लाल ट्यूबही सरकारी मालमत्ता म्हणून साहेबांच्या कपाटावर गेली. तरीही तो सवयीने काठावर बसायचा. रविवारी एक मुलगी घसरून पाण्यात पडली. त्याने ट्यूबशिवायच उडी घेतली, तिला काठापर्यंत ढकललं आणि स्वतः वर आलाच नाही. सोमवारी साहेबांनी बुडालेल्यांपुढे पहिल्यांदाच ‘एक’ लिहिलं. वाचलेल्या मुलीसाठी रकाना नव्हता. कपाटावरची ट्यूब म्हाताऱ्याच्या श्वासाने अजून फुगलेलीच होती.