चिखल न धरणारी गाडी

चिखलापुढे राजा आणि रंक सारखेच. कामणच्या गोदामांमागच्या पडीक शेतात, भर श्रावणात शर्यतीला उभ्या राहिलेल्या बाईकस्वारांची निदान पहिल्या वळणापर्यंत तशी श्रद्धा होती. पहिल्या वळणावर मनवेलपाड्याच्या सुमेधनं गिरीजच्या अनुजच्या बरगडीत लाथ घातली आणि समतेचा विषय तिथेच मिटला.

"घरी जा, केळेवाल्या!" सुमेध ओरडला. मग तोंडात चिखल गेला म्हणून गप्प झाला.

अनुज पडला नाही. पडणं त्याला परवडणारं नव्हतं. मांडवात पुण्याच्या एका रेसिंग टीमचे साहेब बसले होते. ते इथून एक माणूस टीममध्ये घेऊन जाणार, ही बातमी वसई-विरारच्या प्रत्येक गॅरेजात पोचली होती. अनुजच्या वडिलांनी, तुळशीदासांनी, मुलाला शेवटची संधी दिली होती. निवड झाली तर पुणे, नाही तर उद्यापासून वाडीतल्या केळ्यांचा टेम्पो. गेल्या वर्षी अर्ध्या शर्यतीतच बाईकनं पोटभर चिखल खाऊन जीव सोडला होता. तेव्हापासून अनुजला झोपेतही टेम्पोच्या डिझेलचा वास यायचा.

यंदा बाईक बॅप्टिस्टनं तयार केली होती. बॅप्टिस्टचं गिरीजच्या नाक्यावर गॅरेज होतं आणि स्वतःविषयी फार चांगलं मत होतं. चिखल चिकटू नये म्हणून त्यानं मडगार्डला आतून खोबरेल तेल फासलं. चिखलाला बसायला जागाच राहू नये म्हणून इंजिनाभोवतीच्या फटींत जुन्या गादीचा फोम कोंबला. नंबरच्या पाट्यांवर मेण घासलं. एअर फिल्टरवर बायकोचा, कॅथरिनचा, लग्नातला पांढरा लांब मोजा चढवला. हवा आत, चिखल बाहेर. कॅथरिननं हरकत घेतली नव्हती, कारण तिला सांगितलं नव्हतं. अनुजच्या गॉगलवर पारदर्शक प्लास्टिकचे थर बसवले. दिसेनासं झालं की वरचा थर ओढायचा आणि फेकायचा.

"माणूस मोडंल, पण गाडी नाय थांबायची," बॅप्टिस्ट म्हणाला होता. अनुजनं ते कौतुकानं ऐकलं होतं.

शर्यत म्हणजे मारामारीच होती. मधूनमधून लोक पुढेही जात होते. एकाचं कोपर दुसऱ्याच्या दातांवर बसलं आणि दोन दात कोपरातच राहिले. एकाची पोटरी फूटरेस्टनं उभी चिरली. त्यानं खाली वाकून पाहिलं, ती आपलीच असल्याची खात्री केली आणि मग किंचाळला. पडलेल्याच्या हातावरून मागचा गेला, त्याच्या मागचाही गेला. मांडवासमोर आलं की लाथा जास्त जोरात बसायच्या. साहेबांना जिद्द दिसायला हवी होती.

पंच होते विलास सर. शाळेत पीटी शिकवायचे. नियम एकच होता, मुद्दाम लाथ मारेल तो बाहेर. सर शिट्टी तोंडात धरून गुन्हेगार शोधत होते. पण समोरून नुसते चिखलाचे गोळे जात होते. एक गोळा दुसऱ्या गोळ्याला तुडवायचा, आणि सर शिट्टी पुन्हा खाली घ्यायचे.

शेवटच्या फेरीत अनुज सगळ्यांच्या पुढे होता. सुमेध मागून घुसला. त्यानं अनुजच्या गुडघ्यावर एक लाथ घातली, मग आधीच्याच बरगडीवर दुसरी. अनुजच्या डोळ्यांपुढे अंधार आला. गॉगलचा थर ओढूनही तो गेला नाही. मग त्यानंही पाय उचलला आणि बूट सुमेधच्या खांद्यात घातला. हाड मोडल्याचा आवाज मांडवापर्यंत आला.

शिट्टी वाजली.

"सात नंबर! बाहेर!"

अनुजनं ब्रेक दाबला. "सर, हा पहिल्यापासून मारतोय!"

"कोण?"

"हा काय, इथे पडलाय तो!"

विलास सरांनी चिखलात आडव्या पडलेल्या आकाराकडे पाहिलं. "नंबर सांग."

नंबर कुणालाच सांगता येईना. सुमेध नुसता विव्हळत होता, आणि त्यातच त्याचा फायदा होता. अख्ख्या शेतात वाचता येईल असा आकडा एकच होता. अनुजच्या बाईकवरचा सात नवीन दुकानाच्या पाटीसारखा चमकत होता.

बॅप्टिस्ट पाना उगारून सरांच्या अंगावर धावला. मनवेलपाड्याची पोरं बॅप्टिस्टच्या अंगावर धावली. मांडवाचा एक बांबू उपटून झाला, दुसरा हलायला लागला, तेव्हा पुण्याचे साहेब उठले. ते खाली उतरताच उगारलेले हात होते तिथेच थांबले. अनुजनं बरगडीवर धरलेला हात काढला आणि छाती पुढे काढून उभा राहिला. फुटलेल्या ओठाचं रक्त हनुवटीवरून गळत होतं, ते पुसलं नाही. साहेब सरळ त्याच्याकडेच येत होते.

त्याच्या शेजारून ते पुढे गेले आणि बाईकपाशी उकिडवे बसले. मडगार्डच्या आत बोट फिरवून त्यांनी ते हुंगलं.

"खोबरेल?"

"हो," बॅप्टिस्ट म्हणाला. त्याचं नाक फुटलं होतं.

"आणि फिल्टरवर?"

"मोजा. मिसेसचा." बॅप्टिस्टनं आवाज खाली आणला. "लग्नातला आहे, साहेब. जरा हळू बोला."

"सोमवारपासून पुण्याला येता?"

अनुज लंगडत पुढे आला. "साहेब, बाईक मी चालवत होतो."

"हो, पाहिलं ना. छान चालवता," साहेब म्हणाले.

रायडर त्यांच्याकडे चार होते. ते मेकॅनिक बघायला आले होते.